कारंज्याची ओटी

कमरेवरची घागर न उतरवताच ती विचारायची, "बराबर हाय. मंग पाणी कधी?"

तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेलच. आमच्या गल्लीत ती सगळ्यांची मावशी. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि पाण्यासाठी रोज नदीच्या वाळूतल्या झिऱ्यावर खेपा. मी नगरपालिकेत कारकून, म्हणजे तिच्या लेखी नगरपालिका मीच. वाचनालयात रेडिओ आला, तो मी तिला कौतुकानं सांगितला. "बराबर हाय. मंग पाणी कधी?" आता काय सांगणार, कपाळ!

पुढे स्टेशनजवळ बाग करायचं ठरलं. आमचे अध्यक्ष मारवाडी शेठजी, मोठे देवभोळे. "पाव्हणा गाडीतून उतरला की रौनक दिसली पायजे," म्हणाले. बागेत कारंजं, कारंज्यात दगडी मासा. त्याच्यासाठी घातलेला नळ आमच्या गल्लीच्या तोंडावरून गेला. आत वळला नाही.

उद्घाटनाला शेठजींनी फीत कापली, माशाच्या तोंडातून पाणी उडालं. टाळ्या थांबल्या तशी मावशी पुढे झाली. हळदकुंकू वाहून खण-नारळानं तिनं कारंज्याची ओटी भरली, नव्या विहिरीची भरतात तशी. शेठजींना हे फार आवडलं. त्यांनीही चपला काढून नमस्कार केला. मग तिनं घागर बुडवली.

"अवो बाई, हे शोभेचं पाणी हाय!"

"ओटी भरल्यावर पाण्यावरून रिकामं धाडत न्हाईत, शेठजी. तुमीबी हात जोडले की."

शेठजींनी माशाकडे पाहिलं, मग आपल्या चपलांकडे.

"भरा जल्दी," म्हणाले.

तेव्हापासून सकाळी हवा खायला शेठजी आणि पाणी भरायला आमची गल्ली, अशी बागेत गर्दी होऊ लागली. 'बाग लोकप्रिय झाली आहे,' असं मी वार्षिक अहवालात लिहिलं.

गल्लीत नळ यायला पुढे बरीच वर्षं गेली. तो आला त्याच्या आदल्या हिवाळ्यात मावशी तापानं गेली. गल्लीतल्या नळाच्या उद्घाटनाला शेठजींनी तोटी सोडली. पाणी वाहू लागलं. बायका घागरी घेऊन उभ्या, पण पुढे कुणी होईना.

"भरून का न्हाई राह्यल्या?" शेठजींनी मला विचारलं.

"ओटी भरायची राहिलीय."

"मंग भरा ना."

"भरणारी न्हाई, शेठजी."

मला रडू आवरेना. शेठजींनी चपला तेवढ्या काढून ठेवल्या.