मुकादमसरांचा नकार

डॉ. मुकादम कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो मोठ्याने वाचत. मोठ्याने म्हणजे शेजारच्या खोलीत बसलेल्या मला ऐकू येईल इतक्या आवाजात. रजेचा अर्ज असो की मंत्रालयाला जाणारं पत्र, पहिल्या शब्दापासून तारखेपर्यंत सगळं. मध्येच अडखळले की हाक यायची, "लोपीसबाई, हे वाक्य तुम्ही लिहिलंत की कॉम्प्युटरने?" बाहेर खोळंबलेली माणसं घड्याळाकडे बघत राहायची. सर म्हणायचे, "घाई माणसांना असते. कागदाला कसली घाई?"

मी मूळची वसईची. लग्नानंतर नवऱ्याबरोबर बहरीनला आले, ती इथेच रमले. सनाबिसच्या फ्लॅटमधून एका खाजगी विद्यापीठात कामाला जाते. बोर्डाच्या बैठकांचे मिनिट्स लिहिणं, म्हणजे कोण काय बोललं आणि काय ठरलं याची नोंद ठेवणं, हे माझं काम. सर तिथे प्रेसिडेंट म्हणून आले. आपल्याकडे कुलगुरू म्हणतात तसे. पहिल्याच आठवड्यात मी फोनवर सासूबाईंशी बोलत होते, तर हे दारात येऊन उभे. "मराठी? मग बरं झालं. इथे मला चिडायला भाषाच नव्हती." ते दापोलीकडचे. चिडले की खरंच मराठीत चिडायचे, आणि समोरच्याला कळत नसल्यामुळे कोणाचं काही बिघडायचं नाही.

दुपारचं जेवण ते कॅन्टीनमध्ये मुलांच्या रांगेत उभे राहून घ्यायचे. नर्सिंगच्या मुलींना विचारायचे, "आज वॉर्डात हाताने काय काय केलंस? बघितलंस ते नको सांगू, केलंस ते सांग." मात्र बोर्डाच्या मंडळींशी त्यांचं कधी जमलं नाही. चेअरमन जनाबिया भागातल्या आपल्या व्हिलात सगळ्यांना जेवायला बोलवायचे. निम्मे निर्णय तिथेच व्हायचे. सर एकदा गेले आणि पुन्हा गेले नाहीत. मी म्हटलं, "सर, जायला हवं. नाहीतर तुमच्या मागे बोलतात." ते टाय नीट करत म्हणाले, "मी केमिस्ट्रीचा मास्तर. कशात काय मिसळलं की काय होतं ते मला कळतं. माणसांचं नाही कळत." त्यात थोडा तोराही होता. तो त्यांना महागात पडला.

त्या वर्षी बोर्डाला नर्सिंगच्या जागा दुप्पट करायच्या होत्या. इथल्या शिक्षण मंत्रालयाची मंजुरी मागाहून घेऊ, असं चेअरमन म्हणाले. सर उभे राहिले. "हॉस्पिटल आपल्या जेवढ्या मुलींना वॉर्डात घेतं, तेवढ्याच मी घेणार. बाकीच्यांना इंजेक्शन द्यायला काय उशीवर शिकवू? माझा नकार आहे. तसं लिहून घ्या, लोपीसबाई." मी लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी चेअरमननी मला बोलावलं. माझ्या कॉन्ट्रॅक्टचं नूतनीकरण त्यांच्या टेबलावर होतं. त्यावरच माझा व्हिसा, आणि मुलाचा, जोएलचाही. नवऱ्याची नोकरी तेव्हा डळमळीत होती. चेअरमन आवाज न चढवता म्हणाले, "फिलोमिना, एवढंच लिहायचं की प्रेसिडेंटनी चर्चेनंतर संमती दिली. एक ओळ. खलास." मी घरी कोणाला विचारलं नाही. ऑफिसमध्ये येऊन ती ओळ बदलली.

आता सरांची सही हवी होती, आणि सर वाचल्याशिवाय सही करत नसत. त्यांची मुलगी तीन वर्षांनंतर त्या दिवशी भेटायला येत होती. तिला आणायला ते विमानतळावर निघाले, तेव्हाच मी फाइल घेऊन आत गेले. ती वेळ मी निवडली होती. हे कोणाला माहीत नाही, म्हणून इथे लिहिते.

"आत्ता? यल्ला, चला लवकर, विमान उतरलं असेल. तुम्ही वाचलंय ना?"

"हो सर."

त्यांनी उभ्याउभ्या सही केली.

जागा दुप्पट झाल्या. वर्ष सरता सरता मंत्रालयाची तपासणी झाली. वॉर्डात पाय न ठेवलेल्या मुली सापडल्या. त्यांचं वर्ष गेलं. बोर्डाने दुःखी चेहऱ्याने मिनिट्स पुढे केले: प्रेसिडेंटच्याच संमतीने हे झालं. सरांनी ते पान मागून घेतलं आणि सवयीने मोठ्याने वाचायला लागले. "चर्चेनंतर संमती दिली" इथे त्यांचा आवाज थांबला. त्यांनी पान खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही. "सही माझीच आहे," एवढंच म्हणाले. त्यांना काढल्याचा ठरावही मीच लिहिला. त्यात एकही चूक नव्हती.

रविवारच्या मिस्सानंतर मी कन्फेशनला गेले. फादर म्हणाले, "मला सांगितलंस, ठीक. पण ज्याचं नुकसान केलंस त्याला सांगितलंस का?" म्हणून मी सनद भागातल्या सरांच्या घरी गेले. हॉलभर खोकी होती. सरांच्या पत्नी रुखसानाभाभींनी चहा ठेवला आणि त्या आत गेल्या. मी सगळं सांगितलं. विमानतळाचंही सांगणार होते, पण ते राहिलं.

"मला राग आलाय, लोपीसबाई," सर म्हणाले. "चहा दिला म्हणजे राग नाही असं समजू नका."

"कळतंय, सर."

"मग एक करा. जे झालं ते लिहून द्या. तुमच्या सहीने, मंत्रालयाला. त्या मुलींचं वर्ष मी घालवलं, असं माझ्या नावावर राहिलंय. त्या नावाने मला कोणी दारात उभं करणार नाही."

मी म्हटलं, "सर, जोएलची बारावी आहे. मार्च होऊ दे. मार्चनंतर नक्की देते."

"मार्चनंतर," ते म्हणाले. मग खोक्याला चिकटपट्टी लावायला लागले. "बरं. जोएलला सांगा, ऑर्गॅनिक नीट कर."

मार्च आला. जोएल पास झाला, शिकायला पुण्याला गेला. मग त्याची फी, मग नवऱ्याच्या कंपनीतली कपात. पत्राचा मसुदा मी दोनदा केला. दोन्ही वेळा तो चांगला झाला होता.

सर आता दापोलीजवळच्या एका ज्युनियर कॉलेजात तासिकांवर केमिस्ट्री शिकवतात. मोठ्या जागांसाठी त्यांनी अर्ज केले होते, असं भाभींच्या बहिणीकडून कळलं. प्रत्येक ठिकाणी बहरीनची चौकशी झाली आणि विषय तिथेच संपला. मी अजून त्याच ऑफिसात आहे. मला बढतीही मिळाली.

गेल्या नाताळात त्यांचा मेसेज आला. शुभेच्छा, जोएलची चौकशी, आणि यंदा अकरावीची पोरं बरी आहेत एवढंच. पत्राचा विषय नव्हता. मी मेसेज शेवटपर्यंत वाचला, पुन्हा एकदा वाचून खात्री केली, आणि मला हायसं वाटलं. ओळ बदलल्याची लाज मला आहेच. पण त्या क्षणी जे हायसं वाटलं, त्याची लाज त्याहून मोठी आहे.