कोटाचं बटण आणि लाल लोकर

गुलमंडीतला बटणवाला शिरीनआपांना वचकून असे. आपा डझनाने बटणं कधीच घेत नसत. एक कोटाचं, दोन सदऱ्याची, एक झबल्याचं, असं तासभर निवडत. "काय शिवताय एवढं?" त्यानं एकदा विचारलं. "कारखाना शिवतीय," आपा म्हणाल्या.

ते खरंच होतं. वाळूजच्या आमच्या कारखान्यात आपा तपासणी विभागाच्या प्रमुख होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली. पंपाचा खराब माल वाढला, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी बिडकीनच्या मंगलला काढायचं ठरवलं, कारण तो तिच्या टेबलावर सापडत होता. आपा भडकल्या. जाड पुठ्ठ्यावर त्यांनी प्रत्येक मशीनचं आणि टेबलाचं एक बटण शिवलं आणि माल जाई तशी लोकर ओढली. बटणं सगळी काळी, लोकर सगळी पांढरी. झालं भलतंच! शेवटची तपासणी मंगलकडे, म्हणून सगळे धागे तिच्याच बटणाशी येऊन गुंतले. ती आणखीच गुन्हेगार दिसायला लागली.

"चूक माझी हाय," आपा म्हणाल्या. "समद्यांना एकच कपडे घातले, मग वळखायचं कसं?"

त्यांनी सगळं उसवलं. जास्त माल काढणाऱ्या मशीनला मोठं बटण, कमी काढणाऱ्याला छोटं. माल जास्त तिथं लोकर जाड. खराब माल ज्या वाटेनं जाई, ती वाट लाल. मी हौसेनं कडेला हिरवी लोकर लावली, तर ती उपटून म्हणाल्या, "रंगाला काम दे, नायतर पिशवीत राहू दे."

लाल वाट मंगलपर्यंत येत होती खरी, पण निघत होती कोटाच्या बटणापासून. ते होतं साहेबांनी मिरवत आणलेलं नवं लेथ मशीन.

"उद्या माल बघायला पाहुणे येणार आहेत," भिंतीवर टांगलेल्या पुठ्ठ्याकडे बघत साहेब म्हणाले. "हे लाल काढा. सगळं निळं करा."

"करते की साहेब. आधी मशीन दुरुस्त करा."

साहेबांनी स्वतः कात्री आणून लाल लोकर कापली आणि आपांना गोदामात धाडलं. मी खाली पडलेले लाल तुकडे झाडून काढले, त्याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या सकाळी, नेहमी मान खाली घालून वावरणाऱ्या मंगलनं वेणीची लाल रिबीन सोडली, कोटाच्या बटणाला बांधली आणि आपल्या बटणापर्यंत ओढली. पाहुण्यांनी पहिला प्रश्न विचारला तो त्या रिबिनीबद्दलच. लेथ त्याच दुपारी दुरुस्तीला गेलं. मंगल कामावर राहिली. आपा मात्र निवृत्त होईपर्यंत गोदामातच होत्या.

आता त्या नाहीत. पण त्या सकाळी मंगलची रिबीन मधेच लोंबत होती, तेव्हा गोदामाच्या दारातून आलेला त्यांचा आवाज माझ्या कानात आहे.

"ताण जरा, पोरी. ढिली रेघ भित्री दिसती."