माकडाची उडी

काल दुपारी टीव्हीवर हाताने काढलेला जुना कार्टून सिनेमा लागला होता. त्यातल्या रेषा किंचित थरथरत होत्या. हल्लीच्या गुळगुळीत चित्रांत ती थरथर नसते. पाहता पाहता मला ओल्या कागदाचा वास आला.

नव्वदीच्या दशकात, काशीत, शेजाऱ्यांच्या व्हीसीआरवर असाच एक सिनेमा पाहून मी वेडी झाले होते. मग मी आमच्या गच्चीवरचं माकड काढलं. अण्णांच्या जुन्या पंचांगांच्या समासात, पानापानावर, उन्हाळाभर. अंगठ्याखालून पानं भराभर सोडली की माकड उडी मारायचं.

अण्णा, माझे वडील, पौरोहित्य करायचे. त्यांनी पानं एकदाच सोडून पाहिली. ओरडले नाहीत. "पंचांगात देवांची नावं असतात, बेटा. जुनं झालं की गंगेत सोडायचं."

पंचगंगा घाटावर त्यांनी ती मलाच सोडायला लावली. "हात जोड," म्हणाले. पानं भिजून सुटी झाली. मग नावाड्यांना कळावं म्हणून ते मुद्दाम हिंदीत बोलले, "देखो, अब इसका बंदर तैरेगा!" सगळे हसले.

तेव्हा वाटलं होतं, अण्णांनी देवाचा मान राखला. आता कळतं, त्यांना मजा आली होती.

काल तेही सिनेमा बघत होते, पलंगावरून. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेलाय. पडद्यावरच्या खारीने फांदीवरून झेप घेतली, तेवढ्यात मी टीव्ही बंद केला.

"अगं, पोचली का ती?"

"हात जोडा, अण्णा."