पाय काढायची जागा

शेवंती पाच भाषांत गायची आणि पाचही भाषांत आपण नापास झालेलो आहोत, हे कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच सांगून टाकायची. लोक हसायचे. त्यांना वाटायचं, बाई विनयाने बोलतेय. ती अगदी खरं बोलत असे. तिचा एक नियम होता. कुठल्याही भाषेतलं गाणं कॅसेटवर घालण्याआधी, ती भाषा जन्मभर बोललेल्या एखाद्या म्हातारीच्या स्वयंपाकघरात जाऊन ते म्हणून दाखवायचं. म्हातारीने कुठे हात वर केला, की गाणं महिनाभर मागे. विठ्ठलवाडीच्या सिंधी अम्मांनी तिला चारदा परत पाठवलं होतं. त्या आधी पापड आणि पाणी पुढे करायच्या, ही घशासाठी पापड खायची नाही, आणि अम्मा म्हणायच्या, जिला आमचा पापड नको तिला आमची गाणी कशाला हवीत. पाचव्या खेपेला शेवंतीने आधी पापड खाल्ला. पास झाली.

मी तिचा तंबोरा. डोंबिवलीत एका लहानशा वाचनालयात मी नोकरी करत होते आणि संध्याकाळी गुरुजींकडे गाणं शिकत होते. माझ्या गळ्यात फारसं काही नाही हे गुरुजींना पहिल्या वर्षी कळलं आणि मला दुसऱ्या. पण हात स्थिर होता, म्हणून तंबोरा माझ्याकडे आला आणि तंबोऱ्यामुळे शेवंती आली. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. ती मला मास्तरीण म्हणायची. मी कुणाची मास्तरीण नव्हते, पण चष्मा आणि पिशवीत पुस्तक एवढं तिला पुरेसं होतं.

ती कोपरची, खाडीकाठच्या कोळ्यांच्या घरातली. आई डोंबिवली पश्चिमेला बाजारात मासळी विकायची. मी तिला मावशी म्हणत असे. लेकीला पहिल्यांदा क्लासला आणलं तेव्हा मावशी आत आलीच नव्हती. अंगाला वास येतो म्हणून जिन्यातच उभी राहिली आणि तिथूनच गुरुजींना म्हणाली, "हिचा पाय चिखलान पडू नये, येवराच करा." गुरुजींनी मान हलवली. त्यांनी तिला पंधरा वर्षं ख्याल शिकवला. मावशीने आपला शब्द त्याहून कडक पाळला. ओहोटीला गावातल्या बायका शिंपल्या आणि चिंबोऱ्या वेचायला खाडीच्या चिखलात उतरत, त्यांत मावशी असायची, पण शेवंतीला तिने कधी बांधाच्या खाली उतरू दिलं नाही.

सोल गाणं तिला मासळीच्या पाटीने दिलं. कल्याणच्या रेल्वे कॉलनीत एका निवृत्त इंजिन ड्रायव्हरची विधवा राहायची, डॉरीन आंटी. लहानपणी दर शनिवारी शेवंती आईबरोबर तिच्याकडे मासे घेऊन जायची. आंटीकडे रेकॉर्ड प्लेअर होता आणि अमेरिकेतल्या काळ्या गायिकांच्या रेकॉर्डी. एका शनिवारी आंटी मासे निवडत असताना ही दारातच खिळून राहिली. मला ते सांगताना म्हणाली, "मास्तरीण, ती बाई रडत नव्हती गं, पण घरात कोणीतरी गेलंय हे मला कळलं. आमच्यात मयताला बाया अशाच म्हणतात. भाषा कळत नव्हती तरी कळलं." ह्या गाण्याला काय म्हणतात, असं तिने विचारलं. आंटी म्हणाली, सोल. पुढे मी पुस्तकी माणसाप्रमाणे त्याचा अर्थ सांगितला, आत्मा. शेवंतीने नाक मुरडलं. "आत्मा कीर्तनात. आपण जीव म्हणू." त्यानंतर ती तशा गाण्यांना जिवाची गाणीच म्हणत राहिली आणि इंग्रजीसाठी तिची परीक्षक अर्थातच डॉरीन आंटी झाली.

नाताळात ती कल्याणच्या चर्चमध्ये गायली, ही बातमी गुरुजींपर्यंत दोन दिवसांत पोचली. क्लासमधल्या काही जणी त्या दिवशी मुद्दाम लवकर येऊन बसल्या होत्या. गुरुजींनी तिला समोर बसवलं आणि चर्चमध्ये जे म्हटलंस ते म्हण, असं सांगितलं. तिने म्हटलं. मी तंबोरा छेडत होते. गाणं संपल्यावर गुरुजींनी तंबोऱ्याकडे कान दिला. मग म्हणाले, "षड्ज जागेवर आहे. चला, भीमपलास." लवकर आलेल्यांची संध्याकाळ फुकट गेली.

कॅसेटी ती स्वतःच काढायची. मानपाड्याला तिच्या भावाच्या ओळखीच्या एका माणसाची खोली होती. तिथे भिंतींना गोधड्या टांगून, पंखा बंद करून आम्ही ध्वनिमुद्रण करायचो. जवळच्या कारखान्याचा भोंगा व्हायच्या आत एक गाणं संपवायचं, नाहीतर भोंगा झाल्यावर नव्याने सुरुवात. घामाने तंबोऱ्यावरची बोटं निसटायची. कॅसेटच्या आतल्या कागदावरची अक्षरं माझी, प्रत्येक प्रत हाताने लिहिलेली. विक्री कार्यक्रमानंतर सभागृहाच्या दारात, आणि रोज मावशीच्या मासळीच्या पाटीशेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत. एका गिऱ्हाईकाने कॅसेट परत आणली होती, हिला बोंबलाचा वास येतो म्हणून. शेवंतीने ती हुंगून पाहिली आणि म्हणाली, "म्हणजे अस्सल आहे काका. नकली कॅसेटला वास नसतो." काकांनी ती परत नेली आणि पुढच्या आठवड्यात दुसरी घ्यायला आले.

मुंबईच्या एका कॅसेट कंपनीचा माणूस एकदा डोंबिवलीपर्यंत आला होता. त्याला कोळीगीतं हवी होती, ठसकेबाज, वर नाचाचा ठेका, आणि कव्हरवर शेवंती कोळी लुगड्यात. सिंधी, तमिळ वगैरे भानगडी नकोत, म्हणाला. आवाज तुमचा, बाकी सगळं आम्ही बघतो. शेवंतीने त्याला चहा पाजला आणि शांतपणे सांगितलं, "दादा, आवाज तर देवाने दिलेला. त्या बाकीमध्येच तर मी आहे." तो गेल्यावर मात्र ती बराच वेळ कप धूत बसली. तिची ऐपत नव्हती नाही म्हणण्याची, हे मला ठाऊक होतं.

त्या नकारामागे आणखी एक गोष्ट होती. तिला एक कोळी गाणं गायचंच होतं, पण ते कंपनीचं नव्हतं, मावशीचं होतं. मावशी ते खाडीत म्हणायची आणि घरी आल्यावर लेकीला झोपवतानाही म्हणायची. 'चिखलान पाय गो रुतला माझा' अशी त्याची सुरुवात. शेवंती म्हणायची, बाकीच्या सगळ्या भाषा मी शिकले, ह्या एका भाषेत मी जन्मले, तीच कॅसेटवर नाही. नियमाप्रमाणे परीक्षक घरातच होती. आणि ही परीक्षक काही केल्या पास करत नव्हती.

मी पाच-सहा वेळा तरी हजर होते. शेवंती आईसमोर बसायची, डोळे मिटायची, आणि असं गायची की मला पुढचं दिसेनासं व्हायचं. प्रत्येक ओळीच्या मध्ये एक रिकामी जागा होती. तिथे ती एक बारीक मुरकी घ्यायची, पाणी थरथरावं तशी. मावशी मासे साफ करत ऐकायची. संपलं की कोयत्याचं पातं पुसत म्हणायची, "चांगला हाय. पन ता गुरुजींचा हाय, आपला नाय." काय चुकतंय ते सांग, म्हटलं तर तिला सांगता यायचं नाही. ती चिडायचीही. मला काय ठाऊक, मी काय शिकलेय, म्हणायची. नव्वदचं दशक उजाडलं, शेवंती चाळिशीकडे आली, मावशीचे गुडघे गेले, खाडीत जाणं बंद झालं, तरी निकाल तोच. शेवंती आता घाबरायला लागली होती. मला एकदा म्हणाली, "आई गेली की हे गाणं तपासायला कोणी उरणार नाही. मग मी जे गाईन तेच खरं ठरेल. तसं नकोय मला."

मग एका दुपारी, मावशी ओट्यावर बसलेली असताना, शेवंतीने हट्टाने सांगितलं की आज मी गाते आणि जिथे चुकेल तिथे तू नुसता हात वर कर. शब्द नकोत. तिने सुरुवात केली. पहिली ओळ अर्धी झाली, मुरकी आली आणि मावशीचा हात वर. पुन्हा सुरुवात, पुन्हा त्याच जागी हात. तिसऱ्या खेपेला शेवंती थांबली.

"तिथं काय करायचं मग?"

"तय गप ऱ्हवाचा."

"पण का गप?"

मावशीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू पाणी ओलं का असं कोणी विचारलंय. "मंग पाय कवा काढशील?"

तेव्हा कुठे आम्हा दोघींना कळलं. ते चिखलात चालताना म्हणायचं गाणं होतं. गुडघाभर गाळात पाऊल रुतलं, की ते उपसून काढायला सगळा श्वास लागतो, आणि तेवढ्यापुरता सूर तुटतो. पुढची बाई पाय काढते, मागची काढते, मग पुन्हा सगळ्या मिळून ओळ उचलतात. शेवंतीने ते अंथरुणात ऐकलं होतं. त्या जागा तिला आईच्या दमण्याच्या वाटल्या होत्या आणि लेकीच्या मायेने तिने त्या भरून काढल्या होत्या. मावशीला कधी वाटलंच नाही की हे सांगावं लागतं. आणि ज्या पायांना ते आपोआप कळलं असतं, त्यांना तिनेच बांधावर ठेवलं होतं.

चार दिवसांनी दुपारची ओहोटी होती. मावशीला आम्ही रिक्षाने खाडीपर्यंत नेलं आणि बांधावर गोणपाट अंथरून बसवलं. माझ्या मांडीवर सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर होता. शेवंतीने साडी खोचली. मावशी लगेच म्हणाली की नको, मी चिखल बघितला तेवढा पुरे. शेवंती म्हणाली, "आई, गुरुजींकडून घेतलेला शब्द शिकण्याच्या पंधरा वर्षांपुरता होता. त्याला वीस झाली." आणि उतरली. पहिल्या दहा पावलांत ती दोनदा पडली. मावशी आधी हसली, मग ओरडून सांगू लागली की टाच आधी सोड, टाच. मग शेवंतीला चाल सापडली. तिने गाणं धरलं. त्यात ख्याल नव्हता आणि डॉरीन आंटीच्या रेकॉर्डीही नव्हत्या. ओळ यायची, तुटायची, चिखलातून पाय निघाल्याचा आवाज यायचा आणि पुन्हा ओळ. मी बांधावर बसून ऐकत होते. तंबोऱ्याशिवाय ती गातेय हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. शेजारी मावशी नुसती बघत होती. शेवटी म्हणाली, "आता बरा झाला." तेही टेपवर आलं.

गोधड्यांच्या खोलीत शेवंतीने ते गाणं पुन्हा कधी केलं नाही. कॅसेटवर तीच खाडीची प्रत गेली, वाऱ्यासकट. पुढे ठाण्याच्या सभागृहात ती ते गायली तेव्हा तिने मला आधी बजावलं होतं की त्या जागांवर तंबोराही थांबव. तंबोरा कधी थांबवायचा नसतो, हे गुरुजींनी आमच्या हाडात भिनवलं होतं. पहिल्या जागेला माझी बोटं चालूच राहिली. तिने न बघता डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. दुसऱ्या जागेला मी थांबले.

दशक संपायच्या आत शेवंती गेली. आजार दोन महिन्यांचाच. तेव्हा वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी तिच्यावर लिहा असं मला सांगितलं होतं. मला लिहिता आलं नाही. आज लिहितेय, तेही रोज चार-पाच ओळी.

तेराव्यानंतर मी कोपरला गेले. मावशी आतल्या खोलीत पडून होती. तिचे गुडघे आता पूर्ण आखडले होते, पाय ती हलवतही नव्हती. ती रडली नाही. म्हणाली, ता लाव. मी टेप लावला. खाडीचा वारा आला, मग शेवंती आली. पहिली ओळ अर्ध्यावर तुटली. टेपमध्ये चिखलातून पाऊल निघालं, आणि गोधडीखाली मावशीचा उजवा पाय हळूच वर उचलला गेला. दुसऱ्या जागेला डावा. शेवटपर्यंत एकही जागा तिने चुकवली नाही.