कानाशी थांबलेला हात

वर्गात अर्धा वर आलेला हात एकदम कानामागे खाजवायला लागतो, हे दृश्य मी कोटीभर वेळा तरी पाहिलं असेल. उत्तर येत असतं, पण धीर मध्येच गळतो. कानापासून वरचं ते वीतभर अंतर म्हणजे चंद्रापेक्षा लांब. माझ्या मते मास्तरकी म्हणजे तेवढी एक वीत. बाकी सगळं पुस्तकात असतंच.

काल तपासणीला आलेले साहेब मागच्या बाकावर बसले होते आणि मी फळ्यावर भागाकार करत होतो. चौथीतल्या सुमनचा हात निघाला. वर्षभर तो कानाशीच थांबायचा. काल मात्र माझ्या तोंडाकडे बघत बघत तिने तो सरळ छताकडे नेला.

"गुरुजी, शून्य लिहायचं राहिलं तुमचं."

मी फळ्याकडे पाहिलं. राहिलं होतं खरं.

तास संपल्यावर साहेब हळूच म्हणाले, "मुलांना बोलतं करायला मुद्दाम चुकलात ना?"

आयुष्यभर थापा मारत आलेल्या मला ही थाप आयती मिळत होती.

"छे हो," मी छाती फुगवून म्हणालो, "चूक माझीच होती, साहेब. आणि ती पकडणारी पोरगीही मीच शिकवलेली."