गोठ्यातली इटालियन

ही गोष्ट सांगायची मी कित्येक वर्षं टाळली. दिगंबर होता तेव्हा विषय बदलायचो, आणि तो जाऊन दीड महिना झाला तरी कुठून सुरू करावं ते सुचत नाही. त्याला इटालियन कधी जमलीच नाही, असं पालममध्ये सगळे म्हणतात. दहाव्याला त्याचा मुलगाही तेच म्हणाला. ते खरं नाही.

मुलगा नोकरीला इटलीत गेला, लग्नही तिथंच केलं. नात मीरा तिथलीच भाषा बोलते. 'गुर्जी, जन्मभर संस्कृत शिकवलं, आता हे बी शिकवा. पोरीसंगं दोन शब्द बोलतो,' म्हणत दिगंबरनं पुस्तक माझ्यापुढं ठेवलं. मला तरी कुठं येत होती... आज वाचायचं, उद्या त्याला शिकवायचं. पण पद्धत माझी जुनीच. क्रियापदाची सगळी रूपं पाठ झाल्याशिवाय वाक्य बोलायचं नाही. पार्लो, पार्ली, पार्ला... शेतातून येऊन तो मांडी घालून घोकायचा.

'आता बोलू का?'

'भूतकाळ राहिलाय अजून.'

'तवर पोरगी लग्नाला यील की ओ.'

एका रविवारी ओसरीत तांब्याला टेकवून मोबाइल लावला होता. मी शेजारीच. न राहवून त्यानं मीराला इटालियनमध्ये विचारलं, दूध प्यालीस का. तिनं लगेच रिकामा पेला उचलून दाखवला. आणि मी म्हणालो, 'थांब, रूप चुकलं.' तो थांबला. पुढं प्रत्येक फोनला नुसता हात जोडून हसायचा. मला वाटलं, त्यानं नाद सोडला.

तेराव्याला दिगंबरची बायको, आमच्या वहिनी, म्हणाल्या, 'रोज बोलायचे की गोठ्यात. म्हशीला इचारायचे, दूध पिलीस का म्हून. म्या म्हनलं, पोरीला इचारा. तर म्हनले, गुर्जीनं अजून हो म्हनलं न्हाई.'

तो माझ्या परवानगीसाठी थांबला होता, की मीच त्याला ती मागायला लावली होती... काही उलगडत नाही.

परवा वहिनींनी त्याच तांब्याला फोन टेकवला आणि मला पुढं बसवलं. मीरा आता बरीच मोठी झालीय. इटालियनमध्ये माफीला तीन शब्द. धक्का लागला तर 'स्कूझा' म्हणायचं. कुणाच्या दुःखात 'मी दिस्पियाचे'. मोठ्या अपराधाला 'पेर्दोनामी'. तिला यातलं कुठलं म्हणावं, आणि दिगंबरच्या वाटचं कुठलं... मी मनात जुळवत राहिलो. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग हसून रिकामा पेला उचलून दाखवला.

मी हात जोडले.