आधी कोणी जायचं?

आमचे दिगंबर भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. एकाहत्तरच्या लढाईतून पायात गोळी घेऊन आले आणि कलकत्त्याला खिदिरपूरच्या गोदीत पहारेकरी झाले. राहायला आमच्याकडेच. माणूस लाख मोलाचा, पण एकदा अडून बसले की ब्रह्मदेव आला तरी हलायचे नाहीत.

एकदा त्यांना युद्धाच्या सिनेमाला नेलं. पडद्यावर जवान मित्राच्या मांडीवर डोकं ठेवून मेला. सगळं थिएटर रडत होतं आणि भावोजी म्हणाले, "आमचा श्यामसुंदर जिवंत आहे, हावड्याला राहतो, आणि चार वर्षांत एकदाही आला नाही."

श्यामसुंदरबाबू त्यांच्या पलटणीतले बंगाली हवालदार. श्यामसुंदरबाबूंच्या आईनं विणून पाठवलेली एक शाल खंदकात दोघं मिळून पांघरत.

"मग तुम्ही जा की!"

"मी का, वहिनी? मी दोन वर्षांनी मोठा. दसऱ्याला धाकट्यानं यायचं. विजयेला, म्हणजे बंगाल्यांच्या दसऱ्याला, त्यांच्यातही तीच रीत."

दर दसऱ्याला ते दाराकडे डोळे लावून बसत. इथं आपटा मिळत नाही म्हणून आम्ही कांचनाची पानं आणतो. श्यामसुंदरबाबूंच्या वाटची दिवाळीपर्यंत वाळून जात. मला आधी हसू यायचं, पुढे पुढे राग यायला लागला.

शहात्तर साली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी पानं पिशवीत टाकली. "रुसवा तुमचा, सोनं माझं. तुम्ही नुसतं घर दाखवा." आम्ही बसनं हावड्याला गेलो.

दार श्यामसुंदरबाबूंच्या बायकोनं उघडलं. लंगडणारा पाय पाहूनच तिनं ओळखलं. मोडक्या हिंदीत मला म्हणाली, "दर विजयेला आमचे हे यांच्यासाठी नारळाचे लाडू राखून ठेवायला लावतात. म्हणतात, मी हवालदार, तो शिपाई, आधी त्यानं यायचं."

म्हणजे एक वयानं मोठा, दुसरा हुद्द्यानं! मी कपाळाला हात लावला.

आतून श्यामसुंदरबाबू आले. भावोजींनी खाडकन सलाम ठोकला आणि त्याच क्षणी श्यामसुंदरबाबू भावोजींच्या पाया पडायला वाकले. मग दोघांनी एकमेकांना जे मिठीत घेतलं, ते सोडेचनात.

"माँ कहाँ है?" भावोजींनी विचारलं.

श्यामसुंदरबाबूंनी भिंतीकडे पाहिलं. फोटोला हार होता. "पिछले साल गयी. आखिर तक पूछती थी, तेरा मराठा क्यों नहीं आता?"

भावोजींनी माझ्या हातून पानं घेतली, आधी त्या फोटोखाली ठेवली आणि तिथंच खाली बसून रडले.